विजयदुर्ग सोसायटीचा युद्धकैदी

धरणं काठोकाठ भरली, नदीला पूर येऊन गेला, आळंदी रस्त्यावरच्या खड्ड्यांत म्हशी डुंबतील इतकं पाणी साचलं, आणि तरीही विश्रांतवाडीतल्या विजयदुर्ग सोसायटीच्या नळांना दर रविवारी संध्याकाळी पाणी येईना. पुण्यात राहणाऱ्याला यात काही नवल वाटायचं नाही. पण विजयदुर्ग ही निवृत्त फौजी लोकांनी बांधलेली सोसायटी. तिथे पाणी गेलं तर लोक तक्रार करत नाहीत, शत्रू शोधतात.

शत्रू शोधायला लांब जायची गरज नव्हती. कुंपणापलीकडे सुखनिवास सोसायटी होती. दोन्हींची पाण्याची लाइन एकच, आणि पाणी कुणाकडे किती जायचं ते ठरवणारा व्हॉल्व्ह विजयदुर्गच्या आवारात, पार्किंगमागच्या चेंबरमध्ये. शनिवारी बरोबर मधोमध असलेला हा व्हॉल्व्ह रविवारी संध्याकाळी अर्धा आटा सुखनिवासकडे झुकलेला सापडायचा. आपोआप झुकायला तो काही राजकारणी माणूस नव्हता.

तेव्हा ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी, दुपारच्या जेवणानंतर, सुभेदार मच्छिंद्र बोत्रे घडीची खुर्ची घेऊन एका मोटारीच्या आडोशाला दबा धरून बसले. वय त्र्याहत्तर, कंबर ताठ, कान जरा अधू. तीन वाजता कुंपणाच्या तुटक्या गजांतून एक लेंगा आत आला. त्यापाठोपाठ लेंग्यातला माणूस आला. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, चेंबरचं झाकण बाजूला केलं, आणि हातातला लांब दांड्याचा पाना घेऊन कमरेपर्यंत आत वाकला. सुभेदारांनी घाई केली नाही. अर्धा आटा पूर्ण होऊ दिला, मग म्हणाले, "आता सावकाश वर या. पाना खाली ठेवून."

वर आलेला माणूस म्हणजे सुखनिवासचे मानद सचिव श्रीधरपंत परचुरे. जन्म शनिवार पेठेतला, सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात. ज्या माणसानं चाळीस वर्षं महाराष्ट्राच्या पाण्याच्या फायली हलवल्या, त्याला निवृत्तीनंतर अर्धा आटा हलवताना पकडावं, ही नामुष्की त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती. पण ती क्षणभरच. चष्मा सारखा करून ते म्हणाले, "आपण मला पाहिलं नाही, मी आपल्याला पाहिलं नाही. पटतंय का?"

"न्हाई पटत," सुभेदार म्हणाले.

एवढ्यात गॅलऱ्यांतून लोकांनी पाहिलं. पाच मिनिटांत खाली पंधरा माणसं आणि पंधरा मोबाइल जमा झाले. तिसऱ्या मजल्यावरच्या दीपमालाबाई रिकामी बादली घेऊन आल्या आणि ती पंतांच्या डोक्यावर घालावी असं त्यांनी मोठ्यांदा सुचवलं. कुणी म्हणालं, त्यांना चेंबरमध्येच ठेवून वर झाकण लावा. तेव्हा सुभेदार पंतांच्या पुढे उभे राहिले आणि आपल्या परेड मैदानावरच्या आवाजात म्हणाले, "कुणी हात लावायचा न्हाई. ह्यो युद्धकैदी हाय."

लोक हसले. सुभेदार हसले नाहीत.

आता इथे सुभेदारांबद्दल थोडं सांगायला हवं. एकाहत्तरची बांगलादेशची लढाई संपली तेव्हा मच्छिंद्र बोत्रे नुकते भरती झालेले, एकोणीस वर्षांचे. त्यांच्या वाट्याला लढाई आली नाही, लढाईतले कैदी आले. उत्तरेत कुठेतरी तारेच्या कुंपणामागे हजारो पाकिस्तानी कैद्यांचा कॅम्प होता आणि त्यावर त्यांनी वर्षभर पहारा दिला. पुढे सुभेदार होऊन ते निवृत्त झाले, पण सांगण्यासारखं त्यांच्यापाशी एवढंच होतं. दर पंधरा ऑगस्टला सोसायटीचा झेंडा त्यांच्या हस्ते फडके आणि मग ते भाषण करत: आम्ही कैद्याला जावयासारखं वागवलं, आपल्याला जी डाळ तीच त्याला, एकालाही बोट लावलं नाही. लोक टाळ्या वाजवत. त्यांचा मुलगा विश्वजीत, आयटीतला, सोसायटीचा चेअरमन, ते भाषण दरवर्षी रेकॉर्ड करून चार ग्रुपांवर टाकी. त्या टाळ्यांवर सुभेदार वर्षभर जगत. फक्त फेब्रुवारीतली एक दुपार ते दरवर्षी भाषणातून गाळत. ती त्यांनी आनंदीबाईंना, म्हणजे पन्नास वर्षं संसार केलेल्या बायकोलाही सांगितली नव्हती. येत्या शुक्रवारी पुन्हा झेंडावंदन होतं.

विश्वजीत एका गृहप्रवेशाला गेला होता, पाचला येणार होता. कैद्याचं काय करायचं हे चेअरमन ठरवणार. तोवर कैदी आपल्या ताब्यात, असं जाहीर करून सुभेदार पंतांना तळमजल्यावरच्या आपल्या फ्लॅटमध्ये घेऊन गेले.

"दार उघडंच हाय," ते पंतांना म्हणाले. "जायचं तर जा. पण फाटकाशी लोक हायत आणि दीपमालाबाईंच्या हातात बादली हाय."

पंतांनी खिडकीतून बादली पाहिली आणि खुर्चीवर बसले. "म्हणजे मी नक्की कोण? पाहुणा, चोर की कैदी? काय ते ठरवा, म्हणजे त्याप्रमाणे वागायला बरं."

"कैदी. तुमाला हक्क हायत."

"तोंडी हक्क मी पाटबंधारे खात्यात पुष्कळ पाहिले. लेखी आहे काही?"

लेखी होतं. कॅम्पावर असताना हवालदारमेजरनं सगळ्या पहारेकऱ्यांना जिनिव्हा कराराचे नियम घोटून पाठ करायला लावले होते. मच्छिंद्रला हिंदी झेपेना म्हणून त्यानं ते आपल्या मराठीत वहीत उतरवून घेतले होते. ती वही सुभेदारांनी कपाटातून काढली आणि कैद्याच्या हातात दिली. दुसऱ्या कुठल्याही गावच्या माणसाला ती दिली असती तर त्यानं दोन पानं चाळून परत केली असती. पण पेठेतल्या माणसाच्या हातात त्याच्या हक्कांची यादी देणं ही चूक होती, आणि ती फौजेत तीस वर्षं काढलेला माणूसच करू शकतो. पंतांनी चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली.

दहा मिनिटांनी त्यांनी मान वर केली. "चहा मिळायचा आहे. पहारेकऱ्याला जो आहार तोच कैद्याला, पान चार. आपण आत्ताच चहा घेतलात, कपाचा वास येतोय. आल्याचा होता."

चहा आला. पंतांनी एक घोट घेतला. "साखर कमी आहे."

"मला डायबेटिस हाय," सुभेदार म्हणाले. "जो माजा आहार तोच तुमचा."

यावर पंतांना वहीत काही सापडलं नाही. पण पान सातवर दुसरं सापडलं. कैद्यांना आपला प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार होता. विजयदुर्गमध्ये कैदी एकच असल्यामुळे पंतांनी स्वतःची एकमतानं निवड केली आणि प्रतिनिधी या नात्यानं साखरेबद्दल लेखी तक्रार दिली. खाली सही, तारीख, वेळ. सुभेदारांनी ती नियमाप्रमाणे स्वीकारली आणि पोच दिली. नियमाप्रमाणे वागण्यात त्या माणसाला इतका आनंद होत होता की चोर कोण आणि पकडलं कुणी याचा त्याला विसर पडला होता.

घरच्यांना कळवण्याचाही हक्क होता. सुभेदारांनी पूर्णिमाबाई परचुऱ्यांना फोन लावून स्पीकरवर टाकला आणि सगळी हकीकत सांगितली.

"जेवायला घालताय ना?" पूर्णिमाबाईंनी विचारलं.

"जे आम्ही खातो तेच."

"मग दोडका करा. घरी खात नाहीत, तिथे खावाच लागेल. आणि घाई नाही हो काही. मी माळा काढायला घेतलाय, ते मध्ये नसले की भराभर होतं."

पंतांनी फोनकडे असं पाहिलं की शत्रू नेमका कोणत्या बाजूला आहे, याबद्दल त्यांच्या मनात शंका आली असावी.

स्वयंपाकघरातून आनंदीबाई मेथीच्या दोन जुड्या घेऊन आल्या आणि पंतांपुढे ठेवल्या. "बसलाच हायसा तर निवडा."

"अहो, अधिकाऱ्याला काम लावता येत नाही," पंतांनी वही पुढे केली. "पान नऊ. मानद सचिव हा अधिकारीच धरला पाहिजे. फार तर मी देखरेख करीन."

त्यांनी देखरेख केली. देठ किती लांब ठेवायचा, पिवळं पान कुठे टाकायचं, काडी घ्यायची की नाही, यावर ते पाव तास बोलले. शेवटी आनंदीबाईंनी सुभेदारांना विचारलं, "अवो, ह्याचं तोंड बंद करायचा काय नियम हाय का?"

"न्हाई."

"मग कसली ही तुमची लढाई?"

पण नियमाच्या खालच्या ओळीत असंही होतं, की अधिकाऱ्यानं स्वतः काम मागितलं तर द्यावं. आनंदीबाईंचं निवडणं पाहून पंतांना राहवेना, त्यांनी काम मागितलं. साडेचार वाजता सुखनिवासचे मानद सचिव विजयदुर्गची मेथी निवडत बसले होते आणि सुभेदार त्यांना कॅम्पातल्या गोष्टी सांगत होते. डाळ एकच, जावयासारखं वागवलं, बोट लावलं नाही. सांगताना ते फेब्रुवारीपाशी आले आणि तिथून उडी मारून मार्चमध्ये गेले. पंतांना फायली वाचायची सवय होती. "मधलं पान कुठे गेलं?" असं त्यांनी विचारलंसुद्धा. सुभेदारांनी ऐकू न आल्यासारखं केलं, कानांची ती सोय होती.

पाच वाजता विश्वजीत आला. गृहप्रवेशातच त्याला ग्रुपवर सगळं कळलं होतं आणि आतापर्यंत त्याचा प्लॅन तयार होता. तो चांगला मुलगा होता, पण चार वर्षं चेअरमन राहिल्यानं त्याच्या बोलण्यात चेअरमनपण आलं होतं. त्याच्यामागून दीपमालाबाई, आणि त्यांच्यामागून आणखी सात-आठ जण दिवाणखान्यात शिरले.

"अण्णा, सिंपल आहे," विश्वजीत म्हणाला. "पोलीस वगैरे काही नको. काका पाना हातात धरून कॅमेऱ्यासमोर एकदा बोलतील, 'मी पाणी चोरलं, मी माफी मागतो.' तीस सेकंदांचा व्हिडिओ. दोन्ही सोसायट्यांच्या ग्रुपवर टाकू. मॅटर क्लोज."

"फोटो काढायचा न्हाई," सुभेदार म्हणाले. "कैद्याचा तमाशा करायचा न्हाई, नियम हाय."

"अण्णा, प्लीज. ही काय खरी लढाई आहे का?"

"मंग व्हिडिओ तरी कशाला खरा पाहिजे?"

दीपमालाबाई म्हणाल्या की सहा रविवार त्यांनी भांडी विकतच्या पाण्यानं घासली आहेत आणि त्यांना व्हिडिओ बघितल्याशिवाय झोप येणार नाही. बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यांचाही राग काही खोटा नव्हता.

मग सगळ्यांचं लक्ष पंतांकडे गेलं. पंत मेथीच्या ताटापुढे बसले होते. व्हिडिओ म्हणजे काय हे त्यांना बरोबर समजलं होतं. सुखनिवासचे अठ्ठेचाळीस फ्लॅट, बदलापूरची मुलगी, जावई, अमेरिकेतला नातू. त्यांनी दाराकडे पाहिलं, दारातल्या माणसांकडे पाहिलं, आणि जरा वेळानं म्हणाले, "काढा. काढून टाका एकदाचा. माझी काही हरकत नाही."

"बघा!" विश्वजीत म्हणाला. "काका स्वतः हो म्हणतायत. आता तर प्रॉब्लेम नाही?"

पाना कुणीतरी पंतांच्या हातात दिला. मोबाइल वर झाले. पंतांनी मान खाली घातली.

"काका, थोडं वर बघा," विश्वजीत म्हणाला. "फेस दिसत नाहीये." आणि तो पंतांची मान वर करायला पुढे झाला.

"हात माघारी घे!"

हा परेडचा आवाज नव्हता. घरातल्या कुणीच तो कधी ऐकला नव्हता. विश्वजीतचा हात जागच्या जागी थांबला.

"वहीत शेवटच्या पानावर हाय," सुभेदार म्हणाले. "कैद्याला आपले हक्क सोडता येत न्हाईत. त्यानं हो म्हटलं तरी न्हाईत. म्या लिवून घेतलं तवा मला वाटलं, काय येड्यागत नियम हाय. त्योच हो म्हणतोय तर आपलं काय जातंय?"

"अण्णा—"

"त्यो बी हो म्हणला व्हता."

सुभेदार पंतांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले आणि मेथीच्या ताटाकडे बघत बोलायला लागले.

"फेब्रुवारी व्हता. कॅम्पाला भाजी पुरवणारा ठेकेदार आला, संगं फोटोवाला. म्हणला, एका कैद्याबरूबर माजा फोटो पाहिजे, घरात लावायला. मला दहा रुपये देत व्हता, ते म्या घेतले न्हाईत. पण दुश्मनाबरूबर फोटो म्हटल्यावर मला बी मजा वाटली. माज्या पाळीत कैद्यांतला एक शिपाई व्हता, माज्याच वयाचा. घरला कार्डं जायची पण उत्तर येत नव्हतं म्हणून रोज रडायचा. म्या त्याला म्हणलो, फोटोला हुबा ऱ्हा, तुजं एक पत्र म्या बाहेरच्या टपालात टाकतो. लगेच हो म्हणला. हसत म्हणला. ठेकेदार त्याच्या खांद्यावर पाय ठेवून बसला, त्याला खाली बसवून. मंग त्यानं मान खाली घातली. फोटोवाला म्हणला, तोंड दिसत न्हाई." सुभेदारांनी आपली दोन बोटं पुढे केली आणि त्यांच्याकडे पाहिलं. "म्या त्याची हनुवटी वर धरली. फोटो निघंस्तवर."

दीपमालाबाईंनी बादली हळूच खाली ठेवली.

"पिंजऱ्यातला माणूस हो म्हणतो, ते हो नसतं," सुभेदार म्हणाले. "त्याला दुसरं काय म्हणता येत न्हाई म्हणून म्हणतो. पंधरा ऑगस्टला म्या सांगतो, बोट लावलं न्हाई. दोन लावली."

आनंदीबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पन्नास वर्षांत मला कसं सांगितलं नाहीत, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण विचारलं श्रीधरपंतांनीच, आणि भलतंच विचारलं. जन्मभर टपालाची आवक-जावक पाहिलेला माणूस.

"आणि पत्र? टाकलंत ना?"

सुभेदारांनी ताटातली मेथीची एक काडी उचलून बाजूला ठेवली. "सेन्सॉरनं पकडलं तर माजी नोकरी जाईल असं वाटलं. लंगरच्या चुलीत घातलं. त्यो रोज विचारायचा, टाकलं का. म्या म्हणायचो, टाकलं." त्यांनी डोळे पुसले, सरळ पुसले, लपवायचा प्रयत्न केला नाही. "हे कुणालाच सांगितलं न्हाई, ते फोटोमुळं न्हाई. ज्याला सांगीन त्यो पयलं पत्राचंच विचारील, हे ठावं व्हतं."

पंतांना दर गोष्टीवर एक टोमणा तयार ठेवायची सवय होती. या वेळी त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि सुभेदारांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

लोक एकेक करून निघून गेले. दीपमालाबाई जाताना पंतांना म्हणाल्या, "पुढच्या रविवारी आलात तर मी आहेच," पण त्यात दुपारचा जोर नव्हता. पंत उठले, चपला घातल्या, आणि कुंपणाच्या गजांतून न जाता फाटकातून गेले.

विश्वजीत मात्र खाली मान घालून तिथेच उभा होता. शेवटी त्यानं मोबाइल पुढे केला.

"अण्णा, मी काकांसाठी रेकॉर्डिंग चालू केलं होतं. ते बंद करायचं राहिलं. तुमचं सगळं आलंय त्यात." त्याचा अंगठा स्क्रीनवर गेला. "डिलीट करतो."

सुभेदारांनी विचार केला. बाहेर शुक्रवारच्या झेंडावंदनासाठी कुणीतरी ओटा धुवायला घेतला होता, म्हणजे कुणीतरी व्हॉल्व्ह पुन्हा मधोमध केला असावा आणि पाणी आलं असावं.

"नको. ग्रुपवर टाक. दोन्ही सोसायट्यांच्या."

"अण्णा, लोक काय म्हणतील? खरंच टाकू?"

"माज्या फाटकाशी कुणी हुबं न्हाई. म्या कुणाच्या ताब्यात न्हाई. माजं हो, ते हो हाय." मग त्यांना काहीतरी आठवलं. "त्यात मान खाली हाय का रे माजी?"

विश्वजीतनं व्हिडिओ लावला आणि थोडा वेळ पाहिला. "हो. तोंड नीट दिसत नाहीये. शुक्रवारी पुन्हा घेऊ या का?"

"शुक्रवारी सांगीनच. पण ह्यो हाय तसाच टाक," सुभेदार म्हणाले. "कुणी वर करू नगा."